मदत हवी आहे : डिटेन्शनमध्ये मृत्यू, घरचे म्हणतात लगेच मोर्चा काढू

शेजारच्या ताईंचा मुलगा इमिग्रेशन डिटेन्शनमध्ये (व्हिसाच्या कारणावरून डांबून ठेवतात त्या सेंटरमध्ये) वारला. 'अचानक कोसळला' एवढंच सांगितलं, पण ताई बघायला गेल्या तर दोन्ही मनगटांवर वळ होते. लोक जमलेत, मी पत्रक लिहायला बसलेय, पण आधी काय करायचं ते कोणी धड सांगत नाही. सांत्वन नको, लवकर सांगा प्लीज.

अनघा_के : इंग्लंड की स्कॉटलंड? स्कॉटलंडमध्ये इन्क्वेस्ट (मृत्यू कसा झाला याची कोर्टातली चौकशी) नसते, तिथला सरकारी वकील, प्रोक्युरेटर फिस्कल, बघतो. आणि धरलं कोणी, पोलिसांनी की सेंटरच्या गार्डनी?

धागाकर्ती : इंग्लंड. गार्ड. बॉडी गावी पाठवायची घाई चाललीय.

अनघा_के : थांबवा आधी! कुटुंबाला स्वतःचं दुसरं पोस्टमॉर्टेम मागता येतं, बॉडी गेली की संपलं. सीसीटीव्ही पुसू नका असं वकिलाकरवी आजच लेखी कळवा. सेंटरमधल्या मृत्यूची चौकशी प्रिझन्स अँड प्रोबेशन ऑम्बड्समन हा स्वतंत्र अधिकारी करतो, पोलीस असते तर आयओपीसी ही पोलिसांची चौकशी करणारी संस्था.

भटका : माझ्या काकांना भारतात नेलं तेव्हा कॉरोनरचं (इन्क्वेस्ट घेणाऱ्या अधिकाऱ्याचं) बॉडी देशाबाहेर न्यायचं आउट ऑफ इंग्लंड सर्टिफिकेट लागलं होतं, एम्बामिंगचं वेगळं.

रवी_द : वकील वकील काय करता? जिमी मुबेंगाला २०१० मध्ये देशाबाहेर पाठवताना हीथ्रोवर विमानात गार्डनी दाबून धरलं, त्यात तो गेला, २०१३ मध्ये ज्युरीने बेकायदा हत्या ठरवली, तरी २०१४ मध्ये तिन्ही गार्ड सुटले. रस्त्यावर उतरल्याशिवाय कोणी विचारत नाही.

अनघा_के : रवी, ती ज्युरी इन्क्वेस्टमध्येच बसली होती ना! जॉय गार्डनरला देशाबाहेर पाठवायला आलेल्या पोलिसांनी १९९३ मध्ये तिच्या डोक्याभोवती १३ फूट चिकटपट्टी गुंडाळली, त्यात ती गेली, १९९५ मध्ये ते अधिकारी निर्दोष, आणि तिची इन्क्वेस्ट कधी झालीच नाही. तिची आई वर्षानुवर्षं तेच मागत राहिली.

रवी_द : मान्य, पण एकटीने किती लढायचं? युनायटेड फॅमिलीज अँड फ्रेंड्स कॅम्पेनमधली, कोठडीत माणूस गमावलेली कुटुंबं दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी ट्रफल्गर स्क्वेअरहून डाऊनिंग स्ट्रीटला मोर्चाने जातात. ताईंना त्यांच्याशी बोलू दे.

भटका : व्हिजा कुठला होता त्याचा?

रवी_द : त्याने काय फरक पडतो??

अनघा_के : इन्क्वेस्ट नावाचीच संस्था आहे, १९८१ पासून अशा कुटुंबांना फुकट सल्ला देते, वकीलही सुचवते. त्यांना आजच फोन करा. पत्रकात 'मारलं' लिहू नका, 'कसा गेला ते सांगा' लिहा.

धागाकर्ती : फोन लावते. ताईंनी काल कुठल्यातरी कागदावर सही केलीय, कशावर ते त्यांनाही माहीत नाही.

अनघा_के : कॉपी मागा, आणि कॉरोनरच्या ऑफिसला ईमेल करा की बॉडी सोडायला कुटुंबाची हरकत आहे. मग पत्रक.