चोरांची बोली, हेड्यांची बोटं: तुम्ही ऐकलेल्या गुप्त भाषा

संभाजीनगरात आम्ही पाच जण दर रविवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो, म्हणजे एकेक पात्र घेऊन बोलत बोलत गोष्ट पुढं न्यायचा खेळ. त्यात चोराच्या पात्राला 'थीव्ज कँट' नावाची बोली येते: साध्या गप्पांत निरोप दडवायचा. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत नियम आहे की या बोलीत निरोप द्यायला सरळ सांगण्याच्या चौपट वेळ लागतो. परवा आमचा चोर पहारेकऱ्यादेखत म्हणाला, "मावशीकडं दोन पाहुणे वाढलेत, आज भाकरी नको." त्याचा साथीदार झालेला मित्र म्हणे, "मग भात टाकू का?" दोघंही पकडले गेले.
आपल्याकडच्या खऱ्या गुप्त भाषा कुणाला आठवतात? चोरांच्याच पाहिजेत असं नाही.

देवणीकर
हाळीचा बैलबाजार. ८७-८८ची गोष्ट असेल. बापू गोऱ्हा घ्यायला गेले, मी शेपटासारखा मागं. हेड्यानं, म्हणजे बैलांच्या दलालानं, बापूंच्या हातावर टॉवेल टाकला आणि आत बोटं चाचपायला लागला. तोंडानं फक्त "हे हजार", "हे शेकडा". एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं, पण आकडा दोघांनाच ठाऊक.
बापूंची करंगळी कडबाकुट्टीत अर्धी गेलेली. हेड्यानं पंजा धरला, म्हणजे पाच हजार. बापू मोठ्यानं म्हणाले, "चारच धरलीस की रे, पाचवं हाय कुठं?" सगळा बाजार हसला, भाव उघडा पडला, हेडी चिडला. गोऱ्हा साडेचार हजाराला घरी आला. अर्ध्या बोटाचे पाचशे वाचले, असं बापू शेवटपर्यंत सांगायचे.

योगेश्वरीची लेक
अंबाजोगाईचं वसतिगृह, च ची भाषा. पहिलं अक्षर शेवटी न्यायचं, त्याच्या जागी च. "चाणीप चेद" म्हणजे पाणी दे. रात्री आम्ही असंच कुजबुजत होतो, तर दाराबाहेरून मावशींचा आवाज, "चिवाद चालवाम!" दिवा मालवा. वर्षभर आमचं सगळं ऐकत होत्या.

गजकात्री
नांदेडात आमचं कापडाचं दुकान. चिठ्ठीवर खरेदीची किंमत आकड्यांत नाही, अक्षरांत असायची. दहा वेगळ्या अक्षरांचा एक शब्द, पहिलं अक्षर एक, शेवटचं शून्य. गिऱ्हाईक समोर घासाघीस करतंय आणि नोकर चिठ्ठी बघून किती सोडता येईल ते ओळखतोय. शब्द सांगणार नाही, दुकान चालू आहे.

परभणीचा पाहुणा
गुन्ह्याचीच हवी ना? घ्या. काकांची पानटपरी, मी नऊ वर्षांचा. सकाळपासून एकच प्रश्न, "काय फुटलं?" मला वाटायचं, रोज कुणाचं डोकं फुटतंय. ते मटक्याचं बोलू लालते. ओपन, क्लोज, जोडी, पाना. पाना तीन आकड्यांचा, त्यांच्या बेरजेतला शेवटचा आकडा धरायचा: ४, ६, ८ म्हणजे अठरा, म्हणून आठ. हे सगळं न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर पैज लावण्यातून सुरू झालं, हे फार उशिरा वाचलं. गणिताच्या तासाला हीच बेरीज सरांना ऐकवली. त्यांनी घरी निरोप धाडला. पुढचं सांगत नाही.

गोदाकाठ
चोर, हेडी, मटका झाले, आता आमचंही ऐका. आमचं घर महानुभावी. पंथाच्या पोथ्या सकळ लिपीत लिहिलेल्या. मराठीच, पण अक्षरांना अक्षरं बदललेली, म्हणून बाहेरच्यांना शतकानुशतकं कुलूप. विसाव्या शतकात वि. का. राजवाड्यांनी ते उघडलं. आजी म्हणायची, "उघडलं ते उघडलं, विचारलं का कुणाला?"

धागाकर्ता
@देवणीकर, टॉवेलाची युक्ती उचलली. पुढच्या रविवारी आमचा चोर तशीच घासाघीस करणार. अडचण एवढीच की त्याचा साथीदार आता पुण्याहून व्हिडिओवर खेळतो. आणि परवा भात टाकणारा तोच.