नवा कर्नल टाकायला घाबरू नका, जुना कुठे जात नाही

झेरॉक्सवाला, फोंडा
चवथीच्या पत्रकांची गर्दी सुरू व्हायच्या आत हे लिहून टाकतो. दुकानातली तिन्ही यंत्रं डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर चालतात. हल्लीच नवा लॅपटॉप आणला, तर त्याचं वायफाय दिसेचना. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा, यंत्राचे भाग तोच चालवतो. डेबियन १२ सोबत येतो ६.१ कर्नल, म्हणजे डिसेंबर २०२२ चा. वायफायचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो. लॅपटॉप त्यानंतर बाजारात आलेला, मग ओळख कशी पटणार? मोबाइल केबलने जोडून नेट घेतलं, बॅकपोर्ट्समधून, म्हणजे चालू आवृत्तीसाठी नवी पॅकेजं मिळतात त्या डेबियनच्या साठ्यातून, ६.१२ कर्नल आणि वायफायच्या चिपला लागणारं फर्मवेअर उतरवलं, रिबूट केलं. वायफाय सुरू.

हे सांगितलं की ओळखीतले लोक दचकतात. कर्नल बदललास? अहो, बदलला नाही. नवा कर्नल जुन्यावर चढत नाही, शेजारी येऊन बसतो. बिघडलंच तर यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब मेनूच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना निवडायचा, दोन मिनिटांत काम पुन्हा चालू. इतकी सोपी परतीची वाट असताना भिऊन बसणं मला पटत नाही.

शाळामास्तर, वाळपई
दोन मिनिटं कुणाची? तुमची. गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये अपडेट चालू असताना वीज गेली. इनिट्रॅमएफएस (यंत्र सुरू होताना कर्नलला लागणारी फाइल) अर्धवट तयार झालं आणि दुसऱ्या दिवशी तीन यंत्रांवर नुसता कर्नल पॅनिक, यंत्रं सुरूच होईनात. जुना कर्नल निवडता येतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, कबूल करतो. पण गावागावातली यंत्रं ज्यांच्या हाती आहेत त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नाहीच. सातवीचा आठवडाभराचा संगणकाचा तास बुडाला. चालतंय त्याला मी हात लावणार नाही.

सर्व्हर सांभाळणारा, पर्वरी
सर, वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घ्या, अपडेट थांबवू नका. ‘डर्टी पाइप’ आठवतंय? ५.८ पासून कर्नलमध्ये शिरलेली ती चूक मार्च २०२२ मध्ये उघड झाली. साध्या खात्यावरूनही, फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलीत लिहून रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होता येत होतं. शाळेच्या लॅबमध्ये साधं खातं वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे असतं. तुमच्याइतका धोका फोंड्याच्या दुकानालाही नाही.

पण फोंडावाले, तुमचाही मार्ग मला मान्य नाही. बॅकपोर्ट्सच्या कर्नलला स्थिर आवृत्तीइतक्या तातडीने सुरक्षा दुरुस्ती मिळेल, याची हमी डेबियन देत नाही. ६.१२ च हवा असेल तर सरळ डेबियन १३ वर जा. ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिच्यात तोच कर्नल आहे.

डिचोलीहून
मी नवा कर्नल टाकला आणि प्रिंटर गेला. कानाला खडा.

झेरॉक्सवाला, फोंडा
डिचोली, छपाईचं काम कप्स नावाचं सॉफ्टवेअर बघतं, ते कर्नलच्या बाहेर असतं. जुन्या कर्नलने बूट करून बघा. तरीही छापत नसेल तर दोष दुसरीकडे शोधा.

पर्वरी, सुरक्षेचं म्हणणं मानतो, तो मुद्दा मी धरला नव्हता. म्हणून बाकी दोन यंत्रं ६.१ वरच ठेवली आहेत, त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या मात्र त्याच दिवशी घेतो. पण १३ वर जाणं म्हणजे एकट्या कर्नलचं काम नाही. अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर, फॉन्ट, सगळंच एका फटक्यात बदलणार. ऐन हंगामात पत्रकातलं एक जोडाक्षर फुटलं तर ते छापलेले कागद मी कुणाला देऊ? त्यात काही बिघडलं तर ग्रबमधून परतही येता येत नाही.

सर, तुमचा त्रास खरा आहे. पण ती तीन यंत्रं मेली नव्हती. ग्रबची ती ओळ कागदावर लिहून प्रत्येक मॉनिटरला चिकटवा, सातवीतलं पोरसुद्धा यंत्र उठवेल. आणि बूटचं पार्टिशन (कर्नल ठेवलेला डिस्कचा भाग) वेगळं असेल तर आधी त्यातली जागा बघा. ते भरलं तर वीज न जाताही इनिट्रॅमएफएस अर्धवट राहतं.

शाळामास्तर, वाळपई
डर्टी पाइपचं वाचून खरंच धस्स झालं, मुलं काय काय करून बघतात ते मी रोज पाहतो. दुरुस्त्या घेईन. पण मेच्या सुट्टीत, आधी एका यंत्रावर, आणि ते आठवडाभर चाललं तरच बाकीच्यांवर.

सर्व्हर सांभाळणारा, पर्वरी
मेपर्यंत थांबू नका सर. एक यंत्र याच शनिवारी करा.