पॅरिस कराराचा आमच्या आंब्याच्या कलमांशी काय संबंध?

प्रश्न (देवगड): यंदा आमच्या हापूस कलमांना मोहोराऐवजी पालवीच अधिक फुटली आणि जो मोहोर आला, त्यातला बराचसा तुडतुड्यांनी काळा पडला. मोहोरासाठी रात्रीचा गारवा लागतो आणि तोच उशिरा येत आहे. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली, शक्यतो दीड अंशावर रोखण्याचे ठरले. त्याचा बागायतदाराला उपयोग काय?

उत्तर १: एका हंगामावरून हवामानबदलाचा निष्कर्ष काढू नये, पण आपला प्रश्न रास्त आहे. या करारानुसार प्रत्येक देश आपले उद्दिष्ट स्वतःच ठरवतो, दर पाच वर्षांनी नवे सादर करतो आणि ते गाठले नाही तरी दंड नाही. खरी मेख तिथेच आहे. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे जितके हरितगृह वायू सोडू तितके शोषून घेण्याचे, उद्दिष्ट जाहीर केले. मात्र कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत टिकत असल्याने आजच्या कपातीचा गारवा आपल्या कलमांना लगेच मिळणार नाही.

उत्तर २ (श्रीवर्धन): ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या आणि नवी रोपे फळ धरेपर्यंत उत्पन्न बुडाले ते बुडालेच. २०२२ मध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेख येथील हवामान परिषदेत हानी-नुकसान निधी (हवामानबदलाचा फटका बसलेल्या विकसनशील देशांना मदतीसाठी) स्थापन करण्याचे ठरले खरे, परंतु तो पैसा वाडीपर्यंत कोणत्या वाटेने येणार?

उत्तर ३: हवामानासाठीचा पैसा दुसऱ्या एका निधीतून थोडा आला आहे. विकसनशील देशांना हवामानबदलाला तोंड देण्यासाठी पैसा पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय हरित हवामान निधीच्या साहाय्याने किनारी भागांसाठी जो प्रकल्प मंजूर झाला, त्यात सिंधुदुर्गही आहे. तिथे भर कांदळवनांवर आहे, कलमांवर नाही.