दोराच्या ताणाचे आघूर्ण काढताना चिन्हे उलटी का येतात?

प्रश्न (प्रथम वर्ष अभियांत्रिकी, गिरगाव)

नमस्कार. चाळीसमोरच्या मंडपाचा खांब पाहून मी सरावासाठी एक गणित बेतले आहे. खांबाचा पाया हा आरंभबिंदू मानला असून पूर्व, उत्तर आणि वर या अनुक्रमे क्ष, य आणि झ दिशा आहेत. खांबाचा शेंडा (०, ०, ६) मीटरवर आहे. तेथून निघालेला दोर (२, ३, ०) येथील खुंटीला बांधला असून त्यात ७०० न्यूटन ताण आहे. शेंड्यापासून खुंटीपर्यंतचा सदिश (२, ३, −६), त्याची लांबी ७, म्हणून शेंड्यावरील बल (२००, ३००, −६००) न्यूटन. पायाभोवतीचे आघूर्ण, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम, वर्गात आपण ज्याला मोमेंट म्हणतो ते, मला (१८००, −१२००, ०) न्यूटन-मीटर मिळते. मित्राला नेमके उलट्या चिन्हांचे मिळाले. त्याने तर स्थिती सदिश, म्हणजे पायापासून काढलेला सदिश, खुंटीपर्यंतचा घेतला होता. बल शेंड्यावर लागत असताना हे कसे चालते?

उत्तर (निवृत्त प्राध्यापिका, माटुंगा)

मित्राचे उत्तर बरोबर आहे. तुम्ही बल आधी आणि स्थिती सदिश नंतर लिहून गुणाकार केलेला दिसतो. सदिश गुणाकारात क्रम बदलला की चिन्ह बदलते. स्थिती सदिश नेहमी आधी लिहावा आणि तो ज्या बिंदूभोवती आघूर्ण हवे तेथून सुरू व्हावा. पहिल्या सत्रात सर्वाधिक गुण याच चुकीने जातात, हे मी उत्तरपत्रिका तपासताना वर्षानुवर्षे पाहिले आहे.

खुंटीचा बिंदू चालतो, कारण शेंडा आणि खुंटी या दोन्ही बिंदूंच्या स्थिती सदिशांमधील फरक दोराच्याच दिशेत, म्हणजे बलाला समांतर असतो आणि समांतर सदिशांचा सदिश गुणाकार शून्य येतो. त्यामुळे क्रियारेषेवरील, म्हणजे बल ज्या रेषेत लागते त्या रेषेवरील, कोणताही बिंदू घेतला तरी उत्तर (−१८००, १२००, ०) हेच येते.

उत्तर (स्थापत्य अभियंता, मुलुंड)

चिन्हाची खात्री हाताने करून पाहा. उजव्या हाताचा अंगठा (−३, २, ०) या दिशेला धरला, तर वळवलेली बोटे खांबाचा शेंडा खुंटीकडे झुकवतात. तुमच्या चिन्हांनुसार मात्र दोर ओढतो त्याच्या विरुद्ध बाजूला खांब कलला असता, आणि हे शक्यच नाही. तिसरा घटक शून्य येतो, कारण दोराची रेषा खांबाच्या अक्षाला शेंड्यावर छेदते. म्हणून हा दोर खांबाला पीळ देऊ शकत नाही. एक गोष्ट मात्र जपा: बल क्रियारेषेवर सरकवण्याची मुभा पायाभोवतीच्या आघूर्णापुरती आहे. खांब मध्यावर किती वाकेल हे काढायचे असेल, तर बल शेंड्यावरच ठेवावे लागते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. दोराचा मध्यबिंदू (१, १.५, ३) घेऊन आत्ताच पडताळले. पहिला घटक −९०० − ९००, दुसरा ६०० + ६०० आणि तिसरा ३०० − ३०० असा आला.