बाखचा चौथा ब्रँडेनबर्ग: रेकॉर्डर मांडीला का लावतात?

कोमल_धैवत: जर्मन संगीतकार बाखच्या चौथ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोचा (एकल वाद्यं आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेचा) व्हिडिओ पाहिला. पुढे एक व्हायोलिन आणि दोन रेकॉर्डर (उभ्या धरायच्या बासऱ्या), मागे तंतुवाद्यं. पहिला रेकॉर्डर वाजवणारी बाई मधेच वाद्याचं खालचं टोक मांडीवर दाबते आणि लगेच उचलते. ही लकब आहे की तंत्र? दुसऱ्या एका रेकॉर्डिंगमध्ये तर चक्क आडव्या फ्लूट आहेत. बाखला नक्की काय हवं होतं?

आल्टोवाला: तंत्रच. हे आल्टो रेकॉर्डर, एफचे, म्हणजे सर्वांत खालचा स्वर एफ. वरच्या टोकाचा एफ शार्प त्यावर धड लागत नाही, खालचं भोक बुजवलं की लागतो. दोन्ही हातांची बोटं अडकलेली, उरली मांडी! आणि रचना जी मेजरमध्ये. जी म्हणजे सा धरलात तर एफ शार्प हा शुद्ध नी, तो टाळून चालणार कसं? बसून वाजवताना मला एवढं काही वाटत नाही, उभ्याने मात्र बगळा व्हावं लागतं.

फ्लूटचं म्हणाल तर १७२१ साली ब्रँडेनबर्गच्या मार्ग्रेव्ह (जर्मन सरदारकीचा किताब) ख्रिस्तियन लुडविगला अर्पण केलेल्या प्रतीत 'फियाउती देको' आहे, म्हणजे प्रतिध्वनीच्या बासऱ्या. हे खास वेगळं वाद्य होतं का, यावर अभ्यासक अजून भांडतात. आडवी फ्लूट हवी होती तिथे, म्हणजे पाचव्या कॉन्चेर्टोत, बाखने 'त्राव्हेर्सिएर' असं स्वच्छ लिहिलंय. माझं मत रेकॉर्डरलाच.

गजवाली: रेकॉर्डरपुराण पुरे! पहिल्या भागात व्हायोलिनला ज्या द्रुत ताना आहेत त्या वाजवून बघा. वर आंदान्तेमध्ये, म्हणजे संथ मधल्या भागात, या दोन रेकॉर्डरना खालून बासचा आधारही आम्हीच द्यायचा. हा व्हायोलिनचाच कॉन्चेर्टो.

आल्टोवाला: मग १७३८च्या सुमारास बाखने याचंच रूपांतर केलं (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १०५७), त्यात व्हायोलिनची जागा हार्पसिकॉर्डला (पियानोआधीच्या पट्ट्यांच्या तंतुवाद्याला) का दिली? रेकॉर्डर जागेवरच राहिले. शिवाय सगळं एक स्वर खाली, एफ मेजरमध्ये आणलं, त्यामुळे तो छळवादी एफ शार्प झाला साधा ई. आल्टोवाल्यांची दया आली असावी.

गजवाली: दया कसली, हार्पसिकॉर्डची पट्टी वर संपते म्हणून खाली आणलं असेल.

कोपऱ्यातली_व्हिओला: तुमचं चालू द्या. शेवटच्या प्रेस्टोतला (द्रुत भागातला) फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक वाद्यांनी उचलायची रचना, आम्ही सुरू करतो, एवढं फक्त नोंदवून ठेवा.