ब्रुसेल्सची कमान आणि काँगोचा सातबारा

ब-३०४ : सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेल्या आमच्या ब्रुसेल्सच्या सहलीच्या फोटोंचे आपण सर्वांनी कौतुक केलेत, त्याबद्दल आभारी आहे. तिसऱ्या फोटोतील तीन दारांची भव्य कमान बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने उभारली असून ती १९०५ मध्ये पूर्ण झाली. सरकारी तिजोरीवर भार न टाकता राजाने पदरचे पैसे घातले, असे गाइडने सांगितले.

क-१०१ : ताई, फोटो सुरेख आले आहेत. गाइडचे म्हणणे खोटे नाही, पण ते पैसे राजाच्या पदरात कोठून पडले हे त्याने सांगितलेले दिसत नाही. मी तीस वर्षे इतिहास शिकवला आहे, त्यामुळे थोडे लांबण लागले तर सांभाळून घ्यावे.

आफ्रिकेतील काँगो ही १८८५ ते १९०८ या काळात बेल्जियमची वसाहत नव्हतीच. ती एकट्या लिओपोल्डची होती. आपल्या भाषेत सांगायचे तर बेल्जियमच्या सुमारे शहात्तर पट मोठ्या मुलखाचा सातबारा एका माणसाच्या नावावर होता, आणि त्या माणसाने तेथे एकदाही पाऊल ठेवले नाही. स्टॅन्लेसारख्या प्रवाशाला नोकरीवर ठेवून त्याच्याकरवी गावोगावच्या सरदारांचे अंगठे अशा कागदांवर घेतले गेले, ज्यांची भाषा त्यांना वाचता येत नव्हती. मग गुलामांचा व्यापार मोडून काढण्याचे आणि सर्व देशांना खुला व्यापार देण्याचे आश्वासन पुढे करून आफ्रिकेवरील हक्क ठरवण्यासाठी भरलेल्या युरोपीय सत्तांच्या बर्लिन परिषदेच्या सुमारास राजाने मोठ्या सत्तांची मान्यता मिळवली. राज्याला नाव दिले ‘काँगो स्वतंत्र राज्य’. स्वतंत्र कोण होते, ते पुढे कळले.

अ-२०२ : सर, तिथल्या जमिनी लोकांच्याच होत्या ना? मग त्या राजाच्या कशा झाल्या?

क-१०१ : नेमका प्रश्न विचारलात. १८८५ मध्येच हुकूम निघाला की ओसाड जमीन सरकारजमा होईल. ज्या रानात लोक शिकार करीत, किंवा जे शेत काही वर्षे पडीक ठेवून पुन्हा कसत, तेही ओसाड धरले गेले. पुढे त्या रानातील रबर आणि हस्तिदंतही राज्याचे ठरले. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला, सायकली वाढल्या, रबराचे भाव चढले. काँगोचे रबर मळ्यातले नव्हे, तर जंगलातल्या वेलींचे. चीक अंगावर चोपडून वाळवायचा आणि केसांसकट ओरबाडून काढायचा, अशी ती रीत होती. जवळच्या वेली संपल्या की माणसे आणखी खोल रानात जात, आणि ती रबर घेऊन परतेपर्यंत त्यांच्या बायकांना ओलीस म्हणून कोंडून ठेवले जाई. वेठबिगार हा शब्दही येथे सौम्य वाटतो.

शिपायांना गोळ्या मोजून मिळत. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब म्हणून मेलेल्या माणसाचा उजवा हात कापून आणावा लागे. गोळी शिकारीत खर्ची पडली तर तो हिशेब जिवंत माणसाचा हात तोडून जुळवला जाई.

अ-२०२ : वाचवत नाही. हे बाहेर कसे आले?

क-१०१ : मला विचाराल तर सर्वांत मोठे काम एका कारकुनाने केले. एडमंड मोरेल लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीत होता आणि कामानिमित्त अँटवर्पच्या बंदरात जात असे. काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंताने भरलेली असत. परत जाताना त्यांत अधिकारी, बंदुका आणि दारूगोळा असे, विकायचा माल जवळजवळ नसेच. मोबदला जात नाही तरी माल येतो, याचा अर्थ काम सक्तीने करून घेतले जाते, हे त्याने आकड्यांवरून ताडले. जमाखर्चाची वही नीट वाचणारा माणूस काय करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. (आपल्या खजिनदारांनी हे मनावर घेऊ नये.)

१९०४ मध्ये काँगोतील ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट याचा तेथील अत्याचारांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी काँगोतील बारिंगा येथील मिशनच्या व्हरांड्यात मिशनरी ॲलिस हॅरिस यांनी एक फोटो काढला. त्यात न्साला नावाचा बाप खाली बसून आपल्या पाच वर्षांच्या मुलीच्या, बोआलीच्या, तोडलेल्या हातापायाकडे पाहतो आहे. तो फोटो मी येथे टाकत नाही, कारण ग्रुपवर मुलेही आहेत.

ड-४०१ : आपल्या शरणपूरचाही याच्याशी काही संबंध होता, असे आमचे आजोबा सांगत.

क-१०१ : काका, संबंध आहे, पण काँगोशी थेट नाही. गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकी गुलाम मुलांना नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकवले जाई. त्यांतलाच जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरणारा मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या प्रवासात होता आणि त्याच्या पार्थिवाबरोबर १८७४ मध्ये लंडनपर्यंत गेला. लिव्हिंग्स्टनमुळे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध युरोपात जी खरी कळकळ निर्माण झाली होती, तिच्याच आडून लिओपोल्डने आपले काम साधले.

ब-३०४ : मग शिक्षा काय झाली त्याला?

क-१०१ : उलट बक्षीस मिळाले. १९०८ मध्ये बेल्जियमने काँगो ताब्यात घेतला तेव्हा ११ कोटी फ्रँकचे कर्ज डोक्यावर घेतले, राजाच्या अर्धवट बांधकामांना साडेचार कोटींहून अधिक दिले आणि काँगोसाठी केलेल्या त्यागाबद्दल कृतज्ञता म्हणून आणखी ५ कोटी राजाला देण्याचे कबूल केले. हस्तांतरापूर्वी राजाचे काँगोसंबंधीचे दप्तर कित्येक दिवस भट्ट्यांत जळत होते. पुढच्याच वर्षी तो मरण पावला. माणसे किती गेली, याचा नक्की आकडा निघत नाही, कारण मुळात शिरगणतीच नव्हती. उपासमार, झोपेचा रोग आणि घटलेले जन्म धरून लाखांपासून १ कोटीपर्यंत अंदाज केले जातात आणि इतिहासकारांचा त्यावर वाद आहे.

ब-३०४ : आमची परतीची विमाने शनिवारी आहेत. मधल्या दिवसात काही पाहण्यासारखे असेल तर सांगा.

क-१०१ : ४४ क्रमांकाच्या ट्रामने ब्रुसेल्सजवळच्या टेरव्ह्यूरन गावी जा. १८९७ च्या प्रदर्शनासाठी राजाने काँगोतून २६७ माणसे आणून तेथे खोट्या गावांत मांडली होती. प्रेक्षक त्यांच्याकडे खाऊ फेकू लागले, तेव्हा त्यांना समिती जेवण देते अशी पाटी लावावी लागली. त्यांतील सात जण तेथेच वारले. चर्चच्या भिंतीलगत त्यांच्या सात कबरी आहेत. जमल्यास त्यांचा फोटो पाठवा, आणि नावे वाचता येतील असा जवळून काढा.