मदत हवी आहे: जिल्हा न्यायालयातलं अपील फेटाळलं, आता दुसरं अपील करायचं आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सातारा जिल्ह्यातले. बांधावरून वडिलांनी दावा लावला होता. तालुक्याला दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांनी तो फेटाळला आणि गेल्या महिन्यात जिल्हा न्यायालयातलं अपीलही गेलं. वडील ७४ वर्षांचे आहेत. परवा रात्री मोजणीच्या नकाशाच्या फाटलेल्या घड्यांना चिकटपट्टी लावत बसले होते. "हा नकाशा कुणी नीट बघितलाच नाही," एवढंच म्हणाले. ते बघवत नाही, म्हणून इथे विचारतोय.

मुदत ९० दिवसांची असं ऐकलं. ती कधीपासून मोजायची? निकालाच्या नकलेचा अर्ज दिलाय, नक्कल अजून हातात नाही. अपील मुंबईला करायचं की कोल्हापूरला? आणि हायकोर्ट नकाशा पुन्हा तपासेल ना?

प्रतिसाद १

मुदत हुकूमनाम्याच्या (निकालावरून निघणाऱ्या कोर्टाच्या आदेशाच्या) तारखेपासूनच धरतात, पण नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, हे नकलेवरच लिहिलेलं असतं; तो कागद जपा. तरीही उशीर झालाच, तर विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि कारण पटवावं लागतं.

जागा कोल्हापूर. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे येतात.

खरी अडचण तिसऱ्या प्रश्नात आहे. पहिल्या अपिलात पुरावा नव्याने तपासता येतो, दुसऱ्यात तसं नसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील दाखल करून घेतात. बांध कुठे होता, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. मात्र महत्त्वाचा पुरावा कोर्टाने विचारातच घेतला नसेल, तर त्यातून कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून आधी एक सांगा: नकाशावर निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्यात घेतलेल्या कागदावर कोर्ट टाकतं तो नंबर, आहे का? मोजणीदाराची साक्ष झाली होती का?

धागाकर्ता

आत्ताच पाहिलं. कागदांच्या यादीसोबत दाखल केलाय, पण निशाणी पडलेली नाही. मोजणीदाराला कधी बोलावलंच नव्हतं.

प्रतिसाद १

मग नकाशा शाबीतच झालेला नाही. कोर्टाने तो पुरावा म्हणून वाचला नसणार. नकलेची वाट न बघता कोल्हापुरात दुसरी अपिलं चालवणाऱ्या वकिलांना गाठा. जादा पुराव्याचा अर्ज देता येतो, पण खालच्या कोर्टात हे का राहिलं याचं सबळ कारण लागेल. वडिलांना सोबत न्या. मोजणीच्या दिवशी बांधावर कोण कोण हजर होतं, हे त्यांनाच आठवेल.